पावतीवर मराठी तारीख: पायथॉनमध्ये

सोलापुरातल्या चादरीच्या दुकानाच्या पावतीवर ‘२०२५-०१-१३ १९:००’ छापून उपयोग नाही. गिऱ्हाइकाला ‘मंगळवार, १४ जानेवारी २०२५, रात्री १२:३०’ असं वाचायचं असतं. दिवसच बदलला ना? सर्व्हरची वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपण साडेपाच तास पुढे. म्हणून आधी वेळेला यूटीसीचा टाइमझोन जोडा, मग पायथॉनच्या झोनइन्फो या मॉड्यूलने ‘एशिया/कोलकाता’त, म्हणजे भारतीय वेळेत बदला. विंडोजवर त्यासाठी बहुधा टीझेडडेटा हे टाइमझोनच्या माहितीचं पॅकेज टाकावं लागतं. टाइमझोन न जोडता बदललात, तर पायथॉन ती वेळ त्या मशीनच्या टाइमझोनचीच धरतो आणि मशीन यूटीसीवर नसेल तर गुपचूप चुकतो.

महिन्याच्या मराठी नावासाठी लोकेलच्या (मशीनवरच्या भाषेच्या सेटिंगच्या) नादी लागू नका; सर्व्हरवर मराठी लोकेल असेलच असं नाही. बारा नावांची यादी करा, क्रमांकातून १ वजा करून नाव उचला. वारांना वजाबाकी नको, ‘वीकडे()’त सोमवार शून्यच असतो.

तास १२ ने भागून बाकी घ्या. बाकी शून्य आली तर १२ लिहा. मिनिटं दोन अंकी ठेवा, नाहीतर ९:०५ चं ९:५ होतं. एएम-पीएमऐवजी तासानुसार सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. देवनागरी अंक मात्र सगळ्यात शेवटी, तयार मजकुरावरच बदला. डेटाबेसमध्ये मूळ वेळच राहू द्या.