नॅनोकणांतून कर्करोगाचे औषध : शोधनिबंध कसा वाचावा

नॅनोकणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, साहाय्याने कर्करोगाचे औषध थेट गाठीपर्यंत पोहोचवल्याची बातमी आली की रुग्णाच्या घरच्यांची आशा पालवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु प्रयोगशाळेतला उंदीर आणि रुग्णाला मिळणारे औषध यांत अजून किती अंतर आहे, हे बातमीवरून क्वचितच कळते. त्यासाठी मूळ शोधनिबंधच उघडावा लागतो. विज्ञानाचे उच्च शिक्षण नसले, तरी नेमके काय शोधायचे हे ठाऊक असल्यास तो बऱ्यापैकी वाचता येतो.

प्रथम कण कशाचा आहे आणि केवढा आहे, ते पाहावे. साधारण 6 नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लहान कण मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीवाटे निघून जातात, तर फार मोठे कण यकृतात आणि प्लीहेत अडकतात. अमेरिकेत 1995 साली मान्यता मिळालेले डॉक्सिल हे औषध म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, अर्थात लायपोसोममध्ये, भरलेले डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध असून त्याचा कण सुमारे 80 ते 100 नॅनोमीटरचा असतो. 2005 साली आलेल्या अ‍ॅब्राक्सेनमध्ये पॅक्लिटॅक्सेल हे औषध अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधलेले असते आणि त्याचा कण सरासरी 130 नॅनोमीटरचा असतो. आकार नुसत्या पाण्यात मोजला आहे की रक्तद्रवात, हेही तपासावे, कारण रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो आणि त्याचे वागणे बदलते.

यानंतर कण गाठीत शिरतो कसा, याविषयी लेखकांनी काय गृहीत धरले आहे ते शोधावे. गाठीतल्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला निचराही नीट होत नाही, म्हणून मोठे रेणू तिथे साचतात, असे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी 1986 साली मांडले. या क्षेत्रातील बरेचसे काम याच कल्पनेवर उभे आहे. मात्र माणसांत हा परिणाम रुग्णागणिक, आणि एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही, वेगवेगळा आढळतो. तो सर्वत्र सारखाच आहे असे धरून चालणाऱ्या निबंधाकडे सावधपणे पाहावे.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो एका आकड्याला: टोचलेल्या मात्रेपैकी किती टक्के गाठीत पोहोचले? आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या आकड्याचे मध्यक मूल्य, म्हणजे निम्मे आकडे ज्याच्या खाली आणि निम्मे वर असतात ते, अवघे 0.7 टक्के निघाले. त्यामुळे ‘गाठीत साठा दहापट वाढला’ अशा वाक्यावर थांबू नये. दहापट कशाच्या, हे विचारावे आणि उरलेले औषध कुठे गेले, याचे उत्तर यकृत, प्लीहा, फुप्फुसे आणि मूत्रपिंड यांच्या आकड्यांत शोधावे. ते आकडे दिलेच नसतील, तर माझ्या मते निबंधाचा निम्मा भाग लिहायचाच राहिला आहे.

कण कुठे गेले ते दिसावे म्हणून त्यांना चमकणारा रंग जोडतात; अशा चमकणाऱ्या उंदराचे चित्र बहुतेक निबंधांत असते. त्यात मांडीजवळची गाठ लालभडक दिसते आणि बाकीचे शरीर निळे. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाठ त्वचेखालीच वाढवलेली असल्याने तिचा प्रकाश सहज बाहेर येतो, यकृताचा मात्र आतल्या आत विरतो. शिवाय चमकतो तो रंग; तो कणापासून सुटा झाला असेल, तर चित्र औषधाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून अवयव बाहेर काढून औषधाचे प्रत्यक्ष मोजमाप केले आहे का, ते पाहावे.

तुलनेचे गट मोजावेत. केवळ क्षारद्रव, म्हणजे औषधाविना मिठाचे पाणी, टोचलेल्या उंदरांशी केलेली तुलना पुरेशी नसते. तेवढ्याच मात्रेतले साधे औषध दिलेला एक गट आणि औषधाविना रिकामे कण दिलेला दुसरा गट असायलाच हवा.

गाठीच्या वजनाचा हिशेब स्वतः करून पाहावा. उंदीर 20 ग्रॅमचा आणि गाठ 1 ग्रॅमची असेल, तर ती शरीराच्या 5 टक्के झाली; 70 किलोच्या माणसात याच प्रमाणात गाठ साडेतीन किलोची भरेल. इतक्या मोठ्या आणि काही आठवड्यांत वाढवलेल्या गाठीत कण जितके साचतील, तितके माणसाच्या लहान, संथ वाढलेल्या गाठीत साचतीलच असे नाही.

निबंध मानवी चाचणीचा असल्यास गाठ किती आटली याबरोबरच दुष्परिणामांचा तक्ताही ओळीने वाचावा, कारण काही वेळा खरा लाभ तिथेच असतो. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिनची साध्या डॉक्सोरुबिसिनशी तुलना केली, तेव्हा रोग आटोक्यात राहण्याचा काळ जवळपास सारखाच आला, पण हृदयाला होणारी इजा बरीच कमी झाली. त्याच वेळी तळहात-तळपाय लाल होऊन त्यांची साल निघण्याचा त्रास मात्र वाढला.