बॅलिहेलचा इतिहास वाचायचा कसा

आयर्लंडमधल्या किल्केनी काउंटीत आल्यावर मला पहिल्यांदा फसवलं ते स्कोअरने. हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळात २-१७ म्हणजे दोन गोल, सतरा पॉइंट. गोलाचे तीन धरायचे, म्हणजे २३. मी नुसती बेरीज करून १९ म्हणत बसलो होतो!

आता हे बघा: फेब्रुवारी २०२२, डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम, क्लबांची ऑल-आयर्लंड फायनल. वॉटरफर्डचा क्लब बॅलिगनर २-१७, आमच्या बॅलिहेल गावचा क्लब बॅलिहेल शॅमरॉक्स १-१९. मांडा हिशोब: २३ विरुद्ध २२. अगदी शेवटच्या क्षणी बॅलिगनरच्या हॅरी रडलने गोल ठोकला आणि आमच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. पुढच्याच वर्षी बॅलिहेलने कप परत आणला. तो नववा, दुसऱ्या कुणाकडे इतके नाहीत.

जेतेपदांची यादी खालून वर वाचा. आधी काउंटीची स्पर्धा जिंकायची, मग लेन्स्टर प्रांत, मग ऑल-आयर्लंड.

आणि आडनावं बघा, खरी गंमत तिथेच. क्लब १९७२चा, १९८१च्या विजेत्या संघात फेनेली घराण्याचे सात सख्खे भाऊ. पुढे हेन्री शेफ्लिन, टी. जे. रीड यांच्यासारखे नामांकित खेळाडू. मानधन कुणालाच नाही, सगळे हौशी. गाव मात्र एवढंसं, आपल्याकडची एखादी वाडी म्हणा ना.