सेल्फ फिरतोय, पेट्रोलचा वास येतोय, पण गाडी सुरू होत नाही?

मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये हे हमखास घडतं. मागच्याला गाडी काढायची असते म्हणून आपण थंड इंजिन सुरू करतो, गाडी चार फूट सरकवतो आणि लगेच बंद करतो. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं, ते पुरतं जळत नाही आणि स्पार्क प्लग ओले होतात. पुढच्या वेळी सेल्फ मारला की नुसता घरघराट.

अशा वेळी सारखा सेल्फ मारू नका, बॅटरी उतरेल. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि ५ ते १० सेकंद सेल्फ मारा. पेडल पंप करायचं नाही, हे महत्त्वाचं. बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यावर सेल्फ फिरेपर्यंत पेट्रोल बंद होतं आणि हवा आत जाऊन इंजिन सुकतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या प्रीमियर पद्मिनी गाडीत चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून बाहेर ओढायची कळ, आधी आत ढकला. इंजिनाने पकडलं की पाय हळूहळू काढा आणि गाडी गरम होईपर्यंत चालू राहू द्या. दोन-तीनदा करूनही जमलं नाही तर मेकॅनिककडून प्लग काढून पुसून घ्या.

मात्र गाडी पावसात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यात बंद पडली असेल, तर यातलं काहीही करू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तिथे सरळ टोइंग बोलवा.