करट आलं तर घरी काय करायचं, आणि परत परत येत असेल तर कुठे बघायचं

मे महिना लागला की आमच्या कळव्यात कोणी ना कोणी मानेला नाहीतर काखेत पट्टी लावून फिरताना दिसतं आणि बघणारा प्रत्येक जण म्हणतो आंबे जास्त झाले, उष्णता झाली, रक्त खराब झालंय. मीसुद्धा हेच मानायचे. माझा मुलगा कबड्डी खेळतो, त्याला एका वर्षात पाच वेळा करट आलं आणि मी दोन सीझन त्याला आंबा धड खाऊ दिला नाही, वर रोज सब्जा पाजला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण आंब्याने करट होत नाही. करट होतं जंतूमुळे आणि तो जंतू आमच्या घरात टॉवेलवरून टॉवेलवर फिरत होता. मुलाचं बरं झालं की नवऱ्याच्या काखेत, मग आईंच्या म्हणजे माझ्या सासूबाईंच्या पाठीवर. आईंना शुगर आहे, त्यांचं प्रकरण काळपुळीपर्यंत गेलं आणि तेव्हा आम्ही खरे जागे झालो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

या जंतूचं नाव स्टॅफिलोकॉकस, डॉक्टर नुसतं स्टॅफ म्हणतात. १८८० मध्ये अलेक्झांडर ऑग्स्टन नावाच्या स्कॉटलंडच्या सर्जनने गळवातला पू मायक्रोस्कोपखाली बघितला तर त्याला गोल गोल जंतूंचे घोस दिसले, अगदी द्राक्षांच्या घडासारखे, आणि ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घडाला जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव पडलं. यांची जात मोठी आहे. एक भाऊबंद एपिडर्मिडिस, तो तुमच्या माझ्या सगळ्यांच्या कातडीवर असतो आणि बहुतेक वेळा काही करत नाही. त्रास देतो तो ऑरियस, म्हणजे सोनेरी, कारण लॅबच्या प्लेटवर तो पिवळट सोनेरी वाढतो. साधारण ३० टक्के धडधाकट माणसांच्या नाकात हा ऑरियस राहतो, त्यांना काहीही होत नाही, पण नाकात बोट गेलं, तेच बोट खरचटलेल्या जागी गेलं, वर घाम, घट्ट कपडे, दाढी करताना कापलेलं, की तो केसाच्या मुळातून आत शिरतो. केसतोड, करट, रांजणवाडी, नखुरडं, लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती येणारे मधासारख्या खपलीचे फोड, यातलं बरंचसं याचंच काम.

आता करायचं काय. सुरुवातीला लाल, गरम, कडक गाठ येते, हात लावला की दुखते, ठसठसते. घामोळं असेल तर बारीक पुरळ भरपूर येतं आणि टोचतं, नायटा असेल तर गोल कडा असते आणि खाज सुटते, या दोन्हीत अशी एकच ठसठसणारी गाठ नसते. करट आहे असं वाटलं की शेक सुरू करा. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळायचं आणि १०-१५ मिनिटं धरून ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी आधी आपल्या मनगटावर बघायचं आणि शुगरवाल्या माणसाला शेकताना तर दुसऱ्यानेच बघायचं कारण त्यांना चटका बसलेला कळत नाही कधी कधी. दर वेळी कापड नवीन, वापरलेलं लगेच गरम पाण्यात. शेकाने तिकडचं रक्त वाढतं, पू एका जागी येतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत ते आपोआप फुटतं. पोटीस बांधणारे आहेत, काळं मलम लावणारे आहेत, आमच्या आजीचाही पोटिसावर फार विश्वास होता आणि त्यातला गरम शेक खरंच उपयोगाचा आहे, पण फुटलेल्या जखमेवर कणीक, कांदा, हळद, तंबाखू असलं काही भरू नका.

आणि पिळू नका. हे मी हात जोडून सांगते. आमच्या नात्यातल्या एकांनी प्रेमानेच मुलाच्या मांडीवरचं करट दोन अंगठ्यांनी दाबलं, म्हणाले बी बाहेर आलं की सुटला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी मांडी लाल, ताप १०२. दाबल्यावर पू वर येतो तसाच आतही ढकलला जातो. नाक आणि वरचा ओठ या भागातलं तर कधीच दाबायचं नाही, तिथल्या शिरा मेंदूच्या बाजूच्या शिरांना जोडलेल्या आहेत आणि इन्फेक्शन तिकडे गेलं तर जिवावर बेततं. सुईने टोचणंही त्यातच आलं.

फुटलं की घाबरायचं नाही. पू गॉजने टिपायचा, साबण-पाण्याने जागा धुवायची, कोरडं गॉज लावून टेप मारायचा, रोज किंवा भिजलं की बदलायचं. तो गॉज पिशवीत बांधून मगच कचऱ्यात, आणि मग हात साबणाने नीट धुवायचे, बोटांच्या मधे, नखांखाली. जखम उघडी ठेवून लोकलमध्ये जाऊ नका हो, सकाळी ठाण्याहून वाशीच्या गाडीत कशी गर्दी असते सगळ्यांना माहितीय, हाताला हात घासतो. झाकलेली असेल तर खुशाल जा, कामावर जायला काही हरकत नाही. कबड्डी, कुस्ती, जिमच्या मॅटवरचा व्यायाम मात्र जखम पूर्ण सुकेपर्यंत बंद.

डॉक्टरकडे कधी? ताप आला, लाली पसरायला लागली किंवा लाल रेघ वर चढताना दिसली, चेहऱ्यावर किंवा मणक्यावर आलं, तान्ह्या बाळाला आलं, शुगर आहे, स्टिरॉइड किंवा केमो चालू आहे, आठवडा झाला तरी फुटत नाही, किंवा दोन-तीन तोंडं असलेली मोठी गाठ झाली, तर त्याच दिवशी जा. आईंच्या पाठीवर तेच झालं होतं, चाळणीसारखी भोकं, तिलाच काळपुळी म्हणतात. आम्ही चार दिवस शेकत बसलो तिथे आमचं चुकलं. पू भरलेल्या गळवाला मुख्य इलाज चिरा देऊन पू काढणं हाच आहे, साचलेल्या पुवात गोळीचं औषध नीट पोचत नाही. भूल देऊन करतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. आणि गळवं वारंवार येत असतील तर शुगर तपासून घ्याच, उपाशीपोटी आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) दोन्ही, बऱ्याच जणांना डायबेटिस आहे हे असंच कळतं.

पू काढतील तेव्हा कल्चर, म्हणजे पुवातला जंतू लॅबमध्ये वाढवून कुठलं औषध त्याच्यावर चालेल ते बघणं, करायचं का हे स्वतःहून विचारा, खासकरून दुसऱ्या-तिसऱ्यांदा येत असेल तर. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधांची यादी असते आणि पुढे एस म्हणजे चालेल, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. ऑक्सॅसिलिन किंवा सेफॉक्सिटिनपुढे आर असेल तर तो एमआरएसए, म्हणजे पेनिसिलिनच्या घराण्यातली नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. तरी धीर सोडू नका, दुसरी औषधं आहेत, फक्त ती रिपोर्ट बघूनच निवडायला लागतात. माझ्या मुलाचा रिपोर्ट तसाच आला होता आणि त्याआधी तीन वेळा आम्ही मेडिकलमधून नुसतं सांगून तीन-तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या होत्या.

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता कारण पेनिसिलिनचा शोधच मुळी याच जंतूवरून लागला. १९२८ मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाच्या प्लेटवर स्टॅफ वाढवलेला होता, त्यावर बुरशी पडली आणि बुरशीच्या आजूबाजूचा स्टॅफ मेला. आपल्या पिंपरीत त्याच पेनिसिलिनसाठी १९५४ मध्ये सरकारी कारखाना उभा राहिला. आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधून मेथिसिलिन या पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या नव्या औषधालाही न जुमानणाऱ्या स्टॅफची, म्हणजे एमआरएसएची, बातमी आली, ते औषध येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती तेव्हा. म्हणून ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे ती गोळी चिठ्ठीशिवाय घेऊ नका, उरलेली शेजारणीला देऊ नका, जितके दिवस सांगितलंय तितके दिवस घ्या. आणि ते खाज, नायटा, फोड सगळ्यावर चालतं म्हणून मिळणारं मिक्स क्रीम, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, ते करटावर लावलं तर वरची लाली दबते आणि आतला जंतू वाढत राहतो.

आता घराचं, कारण करट एकाला येतं पण आवरायचं सगळ्यांना असतं. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, रंग वेगळा, म्हणजे चूक होत नाही. स्टॅफ कोरड्या कापडावरही कित्येक दिवस जगतो. ज्याला करट आहे त्याचा टॉवेल, उशीचा अभ्रा, बनियन, चादर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. रेझर कोणाचाही कोणाला नाही, सलूनमध्ये ब्लेड समोर नवीन लावायला सांगा. नवरा रबाळ्याला कंपनीत आहे, दिवसभर जाड युनिफॉर्म, घामाने ओला, तो आता निघतानाच तिथे अंघोळ करून कपडे बदलतो. मुलाच्या टीममध्ये नी कॅप एकमेकांच्या घालायचे, ते सरांशी बोलून बंद केलं, मॅट पण पुसायला लागले. नखं सगळ्यांची बारीक. आणि नाकात बोट घालणं, हे लहान मुलांना रागावून नाही, समजावून.

एवढं करूनही येत राहिलं तर डॉक्टर नाकात लावायचं म्युपिरोसिन नावाचं जंतू मारणारं मलम देतात, साधारण पाच दिवस दोन वेळा, आणि त्याच दिवसांत क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक लिक्विडने अंघोळ, डोळे कान सांभाळून. आम्ही घरातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात केलं, एकेकट्याने केलं असतं तर ज्याचं राहिलं त्याच्याकडून परत आलंच असतं. पण हे मनाने करू नका आणि महिनोन्महिने लावत बसू नका, या मलमालाही जंतू दाद देईनासा होतो.

एक गोष्ट स्वयंपाकाची. बोटाला नखुरडं किंवा पू असलेली जखम असेल तर बासुंदी, श्रीखंड, मोदकाचं सारण, उकडलेले बटाटे सोलणं, असं काही करू नका, दुसऱ्या कोणाला तरी सांगा. स्टॅफ अन्नात पडला आणि ते अन्न आपल्या ठाण्याच्या उकाड्यात ओट्यावर चार-पाच तास राहिलं तर तो त्यात विष तयार करतो, मग उकळून जंतू मरतो पण विष तसंच राहतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांत जोरात उलट्या सुरू होतात. बहुतेक जण एका दिवसात बरे होतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं मात्र पाणी कमी होऊन पटकन गळतात, त्यांना ओआरएस लगेच सुरू करा.

पावसाळ्याचं अजून एक, कारण कोणीतरी विचारणारच की जुलैत ऊन कुठून आणायचं. आमच्या खिडकीच्या ग्रिलवर टॉवेल दोन दिवस वाळत नाही. मी मोठे जाड टॉवेल काढून टाकले, पातळ पंचे घेतले, माणशी तीन. ते पंख्याखाली रात्रभरात वाळतात आणि थोडी ओल राहिली तर सकाळी गरम इस्त्री फिरवते.