उंदीर खरंच विसरला का? आधी इंजेक्शनची वेळ ठरवा

एमफार्मला फार्माकॉलॉजी घेतलेले ज्युनिअर दरवर्षी हेच विचारतात, मेमरीच्या प्रोजेक्टला (म्हणजे औषधाने उंदराची स्मरणशक्ती वाढते की घटते ते बघायचं) डोस किती द्यायचा. अरे डोस कुठल्याही पेपरात सापडेल, इंजेक्शन कधी द्यायचं ते आधी ठरवा. (आणि एथिक्स कमिटीची परवानगी त्याच्याही आधी, त्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही.)

सगळ्यात सोपी टेस्ट पॅसिव्ह अव्हॉइडन्स. दोन खणांची पेटी, एकात उजेड, एकात अंधार. उंदराला अंधारच आवडतो त्यामुळे तो सरळ आत घुसतो, घुसला की दार बंद आणि पायाला हलका शॉक. 24 तासांनी पुन्हा उजेडात सोडायचा आणि स्टॉपवॉच लावायचं, आठवत असेल तर आत जायला कां कूं करतो, 300 सेकंदांना थांबवायचं.

आता स्कोपोलामाइन, म्हणजे विसर पाडणारं औषध, ट्रेनिंगच्या (शॉक देण्याच्या) अर्धा तास आधी दिलं तर मार शिकण्यावरच बसतो. तेच औषध ट्रेनिंग संपल्या संपल्या दिलं तर शिकलेलं पक्कं होण्यावर, आणि दुसऱ्या दिवशी टेस्टआधी दिलं तर आठवण्यावर. मी तर ट्रेनिंगनंतरचंच सुचवेन. लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1917 मध्ये उंदरांना स्ट्रिक्नीन (मज्जासंस्थेला चेतवणारं विष) दिलं आणि ते भुलभुलैया लवकर शिकले, पण औषध अंगात असतानाच शिकवलं तर स्मरण सुधारलं की नुसता उंदीर तरतरीत झाला हे कसं कळणार? पुढे स्मरणावर काम करणाऱ्या मॅक्गॉने ट्रेनिंगनंतर सुई टोचायला सुरुवात केली, म्हणजे शिकताना पण औषध नाही आणि टेस्टपर्यंत उतरलेलं.

माझी फजिती ऐका. डायझेपाम (गुंगी आणणारं औषध) टेस्टच्या आधी दिलं, अख्खा ग्रुप 300 सेकंद जागचा हलला नाही, मी खुशीत ग्राफ काढून सरांकडे, सरांनी एका उंदराला बोटाने ढोसलं आणि म्हणाले, अरे हा पेंगतोय. स्कोपोलामाइनचं उलटं, त्याने उंदीर जास्त पळतो, धावत आत गेला म्हणजे विसरलाच असं नाही.

म्हणून वेगळ्या उंदरांवर तोच डोस देऊन अ‍ॅक्टोफोटोमीटरवर हालचाल मोजा. मॉर्फिनसारखं वेदना मारणारं काही असेल तर हॉट प्लेटपण (गरम पत्र्यावर पाय किती वेळात उचलतो ते बघायची टेस्ट) करा, कारण ज्याला शॉक लागलाच नाही तो लक्षात काय ठेवणार. शिवाय एक ग्रुप मिथाइलस्कोपोलामाइनचा ठेवा, ते मेंदूत जवळजवळ जातच नाही, त्यामुळे डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होणं वगैरे अंगावरचे परिणाम वेगळे काढता येतात.

पेटी प्रत्येक उंदरानंतर अल्कोहोलने पुसा, आधीच्याचा वास राहतो. सिरिंजवर औषधाचं नाव नको, मित्राकडून नुसते ए, बी, सी लिहून घ्या आणि कुठलं अक्षर म्हणजे कुठलं औषध ती चिठ्ठी त्याच्याचकडे राहू दे, सगळं मोजून होईपर्यंत.