पऱ्हाटी (वेचणी झालेली कपाशीची झाडं) उभी ठेवू नका, पेटवूही नका
(बडोदा परिसर, डिसेंबरअखेर ते जानेवारी)

करजण, डभोई, शिनोर, पादरा या पट्ट्यात तिसरी वेचणी उरकली की शेतकऱ्याला मोह पडतो. झाडावर थोडी बोंडं आहेत, कॅनॉलला पाणी आहे, मग एक पाणी आणि एक फवारणी देऊन आणखी चार मण कापूस का सोडायचा? या चार मणांपायी पुढच्या हंगामाचं अख्खं पीक हातचं गेलेलं मी इतक्या शेतांत पाहिलंय की दर डिसेंबरला हेच लिहितो. फरदड, म्हणजे वेचणीनंतर पाणी देऊन घेतलेलं हे वाढीव पीक, घेऊ नका. महिनाअखेर कपाशी संपवा, फार तर उत्तरायणपर्यंत (१४ जानेवारी).

गेल्या फेब्रुवारीत शिनोरकडच्या एका ओळखीच्या शेतात वाळकं बोंड नखाने फोडून पाहिलं. आत पिवळी पडलेली, चिकटलेली कवडी (न उमललेला खराब कापूस). सरकी बोटात धरली तर दोन बिया एकमेकींना शिवल्यासारख्या जोडलेल्या. त्या अलग केल्या तेव्हा आत गुलाबी बोंडअळी निघाली, हालचाल न करता गप्प पडलेली. दिवस लहान झाले, थंडी वाढली की ही अळी अशी सुप्तावस्थेत जाते आणि महिनोन् महिने काढते. त्या एका झाडावर अशी चौदा बोंडं मोजली. बांधाला त्याच शेताची गेल्या वर्षीची पऱ्हाटी रचून ठेवलेली होती, चुलीसाठी. म्हणजे पतंग उन्हाळ्यात तिथूनच निघणार आणि नव्या कपाशीच्या पहिल्या पात्यांवर (कळ्यांवर) जाऊन बसणार. ऑगस्टमध्ये डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली, मिटलेली फुलं) दिसल्यावर मालक म्हणाले, बियाणं खोटं निघालं. बियाण्यात बीटी (अळीला मारणारं जनुक) होतं, पण अळीला ते आता बाधत नाही. या अळीने बीटीला दाद न देणं आपल्याच गुजरातेत, अमरेली-भावनगरकडे, देशात सगळ्यांच्या आधी नोंदलं गेलं आणि २०१५ पर्यंत दोन जनुकांचं बियाणंही तिने पचवलं.

या दिवसांत दुकानात गेलात की दोन बाटल्या पुढे येतात: एक 'पुन्हा फुटवा आणणारं' टॉनिक, दुसरी दोन औषधांची महागडी जोडी. दोन्ही परत ठेवा. अळी बोंडाच्या आत, सरकीत बसलीय. फवारा तिथवर पोचत नाही, पैसे मात्र पोचतात. जे पोचतं ते साधं आणि जवळजवळ फुकटचं आहे: पीक वेळेवर संपवणं. कपाशी शिवारात नसेल तर निघालेल्या पतंगांना अंडी घालायला जागा सापडत नाही आणि ते तसेच मरतात. म्हणूनच कॅनॉलच्या भरवशावर मे महिन्यात केलेली आगाप लावण सगळ्या गावाला भोवते.

आता दुसरी चूक, जी पहिलीइतकीच सर्रास होते. शेत लवकर मोकळं करायचं म्हणून संध्याकाळी पऱ्हाटी पेटवतात. थंडीत सूर्य मावळला की जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते आणि वरची ऊबदार हवा झाकणासारखी राहते. वारा पडलेला असतो. धूर चार-पाच पुरुष उंच चढतो, तिथेच आडवा होतो आणि रात्रभर गावावर पसरून राहतो. पादऱ्याच्या रस्त्यावर एकदा मोटारसायकल थांबवून पाहिलं, तर विजेच्या खांबाची तार दिसत होती, खांबाचं बूड दिसत नव्हतं. त्यात पहाटेचं धुकं मिसळलं की दूधवाल्याला समोरचा ट्रक कळत नाही. बडोद्याच्या हवेत कारखान्यांचा आणि वाहनांचा धूर आधीच असतो, त्यात आपण भर घालायची नाही. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे. शेजारच्या शेतात सांठी (पऱ्हाटी) पेटली की रात्र तिला उशाशी टेकून बसून काढावी लागते. हवेचा निर्देशांक २०० च्या वर गेला की 'खराब' म्हणतात, पण मोजणारं यंत्र गावात नसतं. आईचा खोकला हेच आमचं यंत्र.

एक माझा अंदाजही सांगतो, हा शिफारशीतला नाही. ज्या बाजूला धूर साचतो, तिथे धुकं उशिरा उठतं, आंब्याच्या मोहोरावरचं दव उशिरा वाळतं आणि भुरी (पांढरी बुरशी) जास्त दिसते. तीन हंगाम हेच बघतोय.

पऱ्हाटीचं करायचं काय? शेवटची वेचणी झाली की दोन-तीन दिवसांत हात घाला. खोड ओलं असतं तोवर ट्रॅक्टरचा श्रेडर ते भुशासारखं बारीक करतो, वाळलं की लाकूड होतं आणि ब्लेडं झिजतात. कुट्टीवर शेण-पाणी टाकून रोटाव्हेटरने मिसळा. कुजवणारी महागडी द्रावणं घ्यायची गरज नाही, चांगलं कुजलेलं शेणखत आणि ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) पुरे. आपल्याकडे पुष्कळांच्या कपाशीत तुरीच्या ओळी असतात, तिथे यंत्र जाणार नाही. तिथे खोड पकडून उपटायच्या चिमट्याने झाडं उपटा आणि बाहेर कुट्टी करा. चुलीसाठी सांठी ठेवायचीच असेल तर आधी सगळी वाळकी बोंडं झटकून घ्या आणि हातभर खोल खड्ड्यात पुरा. भरवाडांचे (मेंढपाळांचे) कळप या दिवसांत फिरत असतात. शेवटची फवारणी होऊन बरेच दिवस झाले असतील तरच शेळ्या-मेंढ्या आत सोडा. पाला आणि उरलेली बोंडं त्या दोन दिवसांत साफ करतात.

बाकीची कामं थोडक्यात:

– गहू: पेरणीनंतर २१ व्या दिवशी पहिलं पाणी, ते चुकवू नका.
– तूर: ढगाळ हवेत शेंगअळी बघा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क, वाढलीच तर इमामेक्टिन बेन्झोएट (५ टक्के) १० लिटरला ४ ग्रॅम. शंका असेल तर बडोद्यातल्या मॉडेल फार्मच्या कडधान्य केंद्रात विचारा.
– आंबा: भुरीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक (८० टक्के) १० लिटरला २० ग्रॅम. मोहोर पूर्ण फुलल्यावर कीटकनाशक नको, मधमाश्या मरतात.
– केळी: कडक थंडीच्या रात्री हलकं पाणी.
– फवारणी: दव वाळल्यावर, साडेनऊनंतर. पहाटे किंवा रात्री औषध हवेत तरंगत राहतं आणि फवारणाऱ्याच्याच छातीत जातं. तोंडाला रुमाल पुरत नाही.
– वेचलेला कापूस: मावठ्याची (अवकाळी पावसाची) धास्ती मनात ठेवा. २६ नोव्हेंबर २०२३ ला गुजरातभर विजा आणि पाऊस झाला, माणसं गेली. आभाळ भरलं की गंजी झाका आणि झाडाखाली थांबू नका.
– कामगंध सापळे (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग पकडणारे): कपाशीत एकरी दोन, जुलैपासून. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करा. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवारातही लावायला सांगा, तिथल्या सरकीतूनही पतंग निघतात.

उत्तरायण आणि वासी उत्तरायण (त्याचा दुसरा दिवस) या दोन दिवसांत मजूर मिळत नाही, ट्रॅक्टरवालाही पतंग उडवण्यात असतो. श्रेडरवाल्याला आजच फोन करून १० जानेवारीच्या आतली तारीख घ्या. शेजारचे तीन-चार शेतकरी एकत्र आलात तर तो एकाच फेरीत सगळ्यांचं उरकेल, आणि एकाच शिवारात कुणाची कपाशी उभी राहणार नाही.