जुन्या फोटोतली गाडी ओळखताना या चुका टाळा

जुना फोटो हातात आला की नजर आधी गाडीच्या तोंडावर जाते. रेडिएटर, त्यावरचा बिल्ला, टोपणावरची मूर्ती. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. जे स्क्रूने बसतं ते पाना घेऊन काढता येतं, आणि त्या काळचे मालक हौसेने ते बदलतही असत. दाराची बिजागरी, बॉनेट आणि काचेच्या मधला पत्रा, चाकाचे आरे यांना मात्र सहसा कोणी हात लावत नसे. म्हणून माझा भर या न चमकणाऱ्या भागांवर असतो. फोटो कुणाच्या तरी आजोबांचा असतो आणि त्याखाली आपण जे नाव लिहू तेच पुढच्या पिढीकडे जातं. तिथे अंदाज ठोकून देणं मला पटत नाही.

दिसलं ते अक्षर म्हणजे कंपनी

रेडिएटरच्या टोपणावर घड्याळासारखं गोल, काचेचं काहीतरी उभं दिसतं. भिंग लावलं की 'बॉइस' आणि 'मोटोमीटर' ही अक्षरं लागतात, आणि मग बॉइस नावाच्या मोटारीचा शोध सुरू होतो. अशी मोटार नाही. तो रेडिएटरमधली उष्णता दाखवणारा थर्मामीटर आहे. १९१० आणि १९२० च्या दशकांत तो कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांवर बसत असे. दिव्याच्या काचेवर किंवा डब्यावर दिसणारी लुकास, बॉश, मार्शल ही नावं दिव्यांच्या कंपन्यांची. स्टेपनीच्या कव्हरवरचं नाव बहुतेक वेळा टायरचं, नाहीतर गाडी विकणाऱ्याचं. रेडिएटरसमोरच्या दांडीवर लावलेले गोल बिल्ले मोटार क्लबांचे.

त्यापेक्षा हबकॅप, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी टोपी, भरवशाची. पॅकार्डच्या हबकॅपवर षटकोन असे आणि अक्षर वाचता आलं नाही तरी षटकोन दिसतो.

चेहरा ओळखीचा वाटला म्हणून निकाल देणं

बॉनेट पुढे उतरतं आणि समोर रेडिएटरच नाही, अशी गाडी दिसली की तोंडून लगेच 'रेनो' निघतं. रेनोची ठेवण तशी होती खरी. रेडिएटर इंजिनाच्या मागे असे. पण क्लेमाँ-बायार आणि शारों या फ्रेंच कंपन्यांनीही तसंच बॉनेट वापरलं. अमेरिकेच्या फ्रँकलिनचं इंजिन तर हवेवर थंड होई, त्यामुळे तिला रेडिएटर लागतच नव्हता. १९२५ मध्ये तिला निव्वळ शोभेसाठी खोटा रेडिएटर बसवला गेला.

एकच गाडी दोन-तीन देशांत वेगवेगळ्या नावांनी निघाली, हेही लक्षात असू द्या. इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन १९२२ मध्ये आली. परवाना घेऊन जर्मनीत ती डिक्सी म्हणून आणि फ्रान्समध्ये रोझेंगार म्हणून बनली. डिक्सीचा कारखाना १९२८ मध्ये बीएमडब्ल्यूने घेतला, म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली मोटार मुळात ऑस्टिनच. सोव्हिएत रशियातली गाझ-ए ही फोर्ड मॉडेल ए वरून घेतलेली. अशा फोटोत चेहऱ्यावरून घराणं कळतं, पण गाव कळत नाही. गाव ठरवायला नंबरप्लेट, पाट्या, मागची दुकानं पाहावी लागतात.

याच्या उलटही होतं. दोन गाड्यांचं शरीर पूर्ण वेगळं, पण कंपनी एकच. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइस फक्त चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि इंजिन देत असे. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून, म्हणजे बॉडी बांधणाऱ्या कारागिराकडून, बांधून घेई. अशा गाडीची बॉडी पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही म्हणून ती रोल्स नाही, असं म्हणता येत नाही. एकाच चेसिसवर दहा वर्षांनी नवी बॉडी चढवलेलीही सापडते.

फोटोचं वर्ष तेच गाडीचं वर्ष

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. मागे 'फोर्ड, १९२८' असं शाईने लिहिलेला एक फोटो माझ्याकडे तपासायला आला होता. उघडी टुरिंग गाडी, डाव्या बाजूने घेतलेली. पुढच्या मडगार्डपाशी एक माणूस काचेच्या चौकटीवर हात ठेवून उभा. घरच्यांनी १९२८ या आकड्यावरून ती मॉडेल ए ठरवली होती. मॉडेल ए डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आली, त्यामुळे हिशेब वरवर जुळतही होता.

पुढचं चाक पाहिलं. हबच्या मागे ब्रेकचा ड्रम नाही. मॉडेल ए ला चारही चाकांना ब्रेक होते, फोर्डच्याच त्याआधीच्या मॉडेल टी च्या पुढच्या चाकांना कधीच नव्हते. लाकडी आरे मोजले, बारा. पुढचा टायर मागच्यापेक्षा किंचित बारीक. टी ला पुढे ३० × ३ आणि मागे ३० × ३½ इंचाचे टायर असत. मग पट्टी घेतली. फोटोत टायरची उंची १८ मिलिमीटर, पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत ६० मिलिमीटर. भागाकार ३.३३. टी चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०० इंच आणि टायर ३० इंची, त्यांचाही भागाकार ३.३३.

मग दार. ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्यावर दाराची चौकट उठवलेली होती, पण बिजागरी नाही, हँडल नाही, फटीची काळी रेघही नाही. ते दार नव्हतंच, दाराचा ठसा होता. अमेरिकेत बांधलेल्या टी टुरिंगला १९१३ पासून १९२५ पर्यंत डावीकडे पुढे असा नुसता ठसा असे आणि ड्रायव्हर उजवीकडून चढे. कॅनडात बांधलेल्या टी ला तिथे खरं दार होतं. म्हणजे देशही ठरला.

रेडिएटरचं कवच काळं, मडगार्ड घुमटाकार, म्हणजे १९१७ चं मॉडेल किंवा त्यानंतरचं. त्याआधी रेडिएटर पितळी असे. समोरची काच सरळ उभी होती. १९२३ च्या मॉडेलपासून ती तिरकी झाली. म्हणून गाडी १९१७ ते १९२२ च्या दरम्यानची. आणि १९२८? नंबरप्लेटच्या कडेला बारीक '२८' होतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत प्लेटवर वर्ष छापत. घरच्यांनी लिहिलेलं साल अगदी बरोबर होतं, फक्त ते गाडीचं नव्हतं. किमान पाच-सहा वर्षं वापरलेल्या गाडीपाशी तो माणूस इतका मायेने उभा आहे, हे कळल्यावर तो फोटो मला वेगळाच दिसायला लागला.

मोजमापाच्या या युक्तीत दोन ठिकाणी पाय घसरतो. फोटो अगदी बाजूने घेतलेला नसेल तर भागाकार खोटा येतो. चाक लंबगोल दिसत असेल तर पट्टी खाली ठेवा. दुसरं म्हणजे टायरचा आकडा. जुन्या ३० × ३½ मध्ये ३० हा टायरचा बाहेरचा व्यास आहे. नंतरच्या ४.७५-१९ मध्ये १९ हा आतल्या रिमचा व्यास आहे. हे दोन आकडे एकाच अर्थाने वाचले की सगळं गणित बिघडतं.

कंपनीचं 'मॉडेल इयर' आणि कॅलेंडर यांच्यातही अंतर असतं. १९४९ ची फोर्ड जून १९४८ मध्येच लोकांसमोर आली होती. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी मोटारींचं उत्पादन थांबलं आणि युद्धानंतर बहुतेक कंपन्यांनी तेच मॉडेल रेडिएटरसमोरच्या जाळीत थोडा बदल करून १९४६ चं म्हणून विकलं. तिथे जाळीच्या पट्ट्या मोजल्याशिवाय साल लिहू नका. ब्रिटनमधल्या गाडीच्या दिव्यांवर झापडं आणि मडगार्डांच्या कडांना पांढरा रंग दिसला तर ती युद्धकाळातल्या ब्लॅकआउटची खूण, म्हणजे फोटो १९३९ ते १९४५ मधला. गाडी त्याच्या कितीतरी आधीची असू शकते.

उलटा छापलेला फोटो

काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली गेली की डावं उजवं होतं. टिनटाइप, म्हणजे थेट पत्र्यावर घेतलेला फोटो, तर मुळातच आरशासारखा उलटा असतो. स्टेअरिंगच्या बाजूवरून काहीही ठरवण्याआधी माणसांचे कोट पाहा. पुरुषाच्या कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडे असतो. तो उजव्या छातीवर दिसला तर फोटो उलटवून पुन्हा सुरुवात करा. वरच्या फोटोत दाराकडे वळण्याआधी मी हेच केलं होतं.

फोटो सुलटा असला तरी स्टेअरिंगवरून देश ठरवू नका. अमेरिकेची पिअर्स-ॲरो १९२० सालीही उजव्या स्टेअरिंगची होती. इटलीच्या लॅन्शियाने दुसऱ्या महायुद्धानंतरही कित्येक वर्षं स्टेअरिंग उजवीकडेच ठेवलं. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत वाहतूक डावीकडून चाले आणि बहुतेक गाड्यांचं स्टेअरिंगही डावीकडेच होतं.

रंग आणि आकार

जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. लालभडक गाडी तिच्यावर काळी उमटते आणि फिकी निळी जवळपास पांढरी. फोटोतल्या करड्या छटेवरून रंग सांगू नये. पांढरट टायर दिसले तर तेही शोभेचे समजू नका. रबरात काजळी मिसळायला लागण्याआधी टायर फिकेच असत. धावत्या गाडीची चाकं पुढे झुकलेली, अंड्यासारखी दिसली तर तो कॅमेऱ्यातल्या पडद्यासारखा सरकणाऱ्या शटरचा परिणाम आहे.

गाडीच नसलेली गाडी

स्टुडिओत बसून काढलेल्या फोटोंमध्ये लाकडा-पुठ्ठ्याची खोटी मोटार असायची. मागे रंगवलेला पडदा, माणसं गाडीच्या मानाने फार मोठी, आणि गाडीखाली पाहिलं तर एक्सल नाही, स्प्रिंग नाही. गाडी ओळखू येत नाही म्हणून रात्री जागवण्याआधी एकदा चाकांखाली पाहून घ्या.

यंत्राने रेखाटलेली अक्षरं

फोटो 'स्पष्ट' करणारी सॉफ्टवेअर धूसर बिल्ल्याच्या जागी अक्षरं तयार करून देतात. ती वाचता येतात, म्हणूनच धोकादायक. मूळ स्कॅनमध्ये नसलेली रेघ पुरावा म्हणून धरू नका. चित्रावरून शोधणारी साधनं सुरुवातीला दिशा द्यायला बरी, पण त्यांनी सांगितलेलं नाव आरे, दार आणि काच यांच्याशी ताडून पाहावंच लागतं. मोबाइलने फोटोचा फोटो काढण्यापेक्षा साधा स्कॅनर वापरा. किमान ६०० डीपीआय (इंचाला ठिपके) ठेवा, छोट्या प्रिंटसाठी १२००. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करा, म्हणजे डाग आणि शाई वेगळी ओळखता येते. कडा कापू नका, मागची बाजूही स्कॅन करा. निगेटिव्ह मिळाली तर प्रिंट बाजूला ठेवून तीच स्कॅन करा.

नोंद लिहिताना

'व्हिंटेज' हा शब्द सरसकट लिहिला जातो. ब्रिटिश प्रथेत १९१९ ते १९३० च्या गाड्याच व्हिंटेज. १९०४ पर्यंतच्या व्हेटरन. नेमकी वर्षं लिहिली की या शब्दाची गरजच पडत नाही.

साल ठरलं की ते कशावरून ठरलं तेही शेजारी लिहा, म्हणजे पुढच्याला तपासता येईल. त्या फोटोच्या मागे, शाईच्या मूळ अक्षरांना धक्का न लावता, मऊ पेन्सिलीने कडेला मी एवढंच लिहिलं: 'फोर्ड मॉडेल टी, टुरिंग, अमेरिकी बांधणी. गाडी १९१७–२२ (काळं रेडिएटर, डावीकडे खोटं दार, उभी काच). फोटो १९२८ (नंबरप्लेट). माणूस कोण ते घरच्यांनी लिहावं.'